पाणीपट्टीचा हिशेब : कराड आणि मलकापूर

कराड शहराला पाणी कोयना नदीतून मिळते. नदीकाठच्या जॅकवेलमधून ते पंपाने उचलले जाते, शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीन घेऊन निवळते, उंच टाक्यांत चढते आणि तिथून पेठापेठांतल्या नळांना सुटते. वापरून झालेले पाणी गटारांतून, भुयारी वाहिन्यांतून पुन्हा नदीच्याच दिशेने निघते. नदीपासून नळापर्यंत आणि नळापासून नदीपर्यंतच्या या फेऱ्याला जो खर्च येतो, तो घरे, दुकाने, दवाखाने, लॉज आणि मंगल कार्यालये यांच्यात वाटायचा कसा, हा पाणीपट्टीचा आणि मलनिस्सारण आकाराचा प्रश्न आहे. दर वाढवायचे म्हटले की गावात गदारोळ होतो, आणि ते वर्षानुवर्षे तसेच ठेवले की योजना हळूहळू मोडकळीला येते. गदारोळ सगळ्यांना दिसतो. मोडकळीकडे मात्र वाहिनी फुटेपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही.

कराडची नगरपालिका १८५५ सालची, म्हणजे राज्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी. तिच्याही कितीतरी आधी पंताच्या कोटाजवळची नकट्या रावळ्याची विहीर हे इथले मोठे पाण्याचे काम होते. खोल उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची ही विहीर आजही पाहायला मिळते. विहिरीचे आणि नदीघाटाचे पाणी ज्याने त्याने आपल्या कष्टाने भरून न्यायचे, त्यामुळे पट्टीचा प्रश्न नव्हता. पाणी घरात नळाने येऊ लागले तेव्हा ते कष्ट पंपाने आणि पालिकेच्या कामगारांनी घेतले, आणि त्यांची किंमत पैशांत मोजावी लागली.

हजार लिटरचा खर्च

एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते एक मीटर उंच उचलायला सुमारे ०.००२७ युनिट वीज लागते. नदीची पातळी, शुद्धीकरण केंद्राची उंची, टाकीची उंची आणि वाहिनीतले घर्षण मिळून एकूण ८० मीटर उचल धरली, तर हजार लिटरला ०.२२ युनिट होतात. पंप आणि मोटर मिळून ६० टक्के कार्यक्षमता धरली की आकडा ०.३६ युनिटवर जातो. आठ रुपये युनिटने हे सुमारे तीन रुपये झाले. पंप जुना झाला, त्याच्या इंपेलरची झीज झाली आणि कार्यक्षमता ४५ टक्क्यांवर घसरली, तर तेच पाणी उचलायला जवळपास चार रुपये लागतात. पालिकेचे वीजबिल वाढले की दोष विजेच्या दराला दिला जातो. कित्येकदा त्यातला मोठा वाटा दुरुस्तीवाचून चालवलेल्या पंपाचा असतो.

सातारा जिल्ह्यातच याची दुसरी बाजू पाहायला मिळते. सातारा शहराच्या एका भागाला कास तलावाचे पाणी मिळते. तलाव डोंगरावर आणि शहर खाली, त्यामुळे हे पाणी उताराने स्वतःच्या वजनावर येते. तिथे उपशाची वीज जवळपास लागत नाही. कराडला ही सोय नाही. कोयना आणि कृष्णा या दोन नद्यांच्या संगमावर वसलेल्या शहराला पाण्याची ददात नसते हे खरे, पण नदी खाली आणि घरे वर असली की प्रत्येक थेंब उचलावाच लागतो. म्हणून एका शहराचे दर पाहून दुसऱ्याने आपले दर ठरवू नयेत.

विजेखेरीज जलसंपदा विभागाला नदीच्या पाण्याचे पैसे द्यावे लागतात. हे ठोक दर ठरवण्याचा अधिकार २००५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे आहे. पिण्यासाठी, उद्योगासाठी आणि शेतीसाठी ते वेगवेगळे आहेत, आणि मंजूर कोट्यापेक्षा जास्त उचललेल्या पाण्याला चढा दर लागतो. त्यानंतर रसायने, व्हॉल्व्हमन आणि पंपचालकांचे पगार, गळती काढणे, वाहिन्या बदलणे. यातला बराच खर्च पाणी कमी वापरले म्हणून कमी होत नाही. गाव महिनाभर परगावी गेले तरी पंपचालकाचा पगार आणि वाहिनीची देखभाल थांबत नाही. यावरून दराचे दोन भाग पडतात: जोडणी आहे म्हणून द्यायचा स्थिर आकार आणि वापराप्रमाणे द्यायचा बदलता आकार. पहिलाच भाग मोठा ठेवला तर गरिबावर भार पडतो. सगळेच वापरावर सोडले तर पावसाळ्यात पालिकेच्या हाती पगारापुरतेही पैसे येत नाहीत.

कर की सेवेचे मोल

महाराष्ट्रातल्या नगरपालिकांचा कारभार १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने चालतो. त्यात मालमत्तेवरच्या एकत्रित करातच सामान्य पाणीपट्टी आणि सामान्य स्वच्छता कर धरलेला आहे. म्हणजे घरात नळ असो वा नसो, गावात सार्वजनिक पाणीपुरवठा आहे एवढ्यावर घरपट्टीतून काही पैसे जातात. प्रत्यक्ष नळजोडाची पट्टी, म्हणजे विशेष पाणीपट्टी, त्याहून वेगळी. ती मालमत्तेच्या मूल्यावर, तोटीच्या आकारावर किंवा मीटरवर अशा वेगवेगळ्या रीतींनी लावता येते.

हा फरक कागदापुरता नाही. शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली कर आणि शुल्क यांतली रेषा आखून दिली: कर सामान्य कारभारासाठी, शुल्क विशिष्ट सेवेच्या बदल्यात. मीटरप्रमाणे घेतलेले पैसे दुसऱ्या प्रकारात मोडतात, आणि मग त्या पैशांचा सेवेच्या खर्चाशी मेळ दाखवण्याची जबाबदारी पालिकेवर येते. पाण्याच्या नावाने गोळा केलेली रक्कम रस्त्याच्या डांबरात गेली, तर नागरिकाने विचारलेला प्रश्न रास्त ठरतो. म्हणूनच पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण यांचा जमाखर्च पालिकेच्या इतर हिशेबापासून वेगळा मांडला पाहिजे. तो वेगळा नसेल, तर दर वाढवावा की नाही यावरची सगळी चर्चा अंदाजाने चालते.

अर्धा इंची तोटी

राज्यातल्या बहुतेक लहान शहरांत पाणीपट्टी नळाच्या आकारावर ठरते. अर्धा इंची घरगुती नळाला वर्षाला अमुक रुपये, पाऊण इंचीला तमुक, व्यापारी नळाला त्याच्या काही पट. हिशेब सोपा, बिल वर्षातून एकदा, मीटर वाचणारा माणूस नको. पालिकेला ही रीत सोयीची वाटते, आणि लोकांनाही आपले बिल आधीच ठाऊक असते.

पण या रीतीत पाण्याला किंमतच उरत नाही. दोन खोल्यांतल्या निवृत्त जोडप्याचा अर्धा इंची नळ आणि खाली गाड्या धुणाऱ्या, वर बाग शिंपणाऱ्या बंगल्याचा अर्धा इंची नळ यांना एकच पट्टी. शिवाय पाणी सकाळी तास-दीड तासच येत असेल, तर ज्याच्याकडे मोठी टाकी आणि नळाला लावलेली मोटर, त्याला पाणी जास्त. मोटर वाहिनीतून पाणी ओढून घेते आणि गल्लीच्या टोकाच्या घराला हवा मिळते. मग टोकाचे घरही मोटर घेते. काही वर्षांत सगळ्या गल्लीत मोटरी होतात आणि पाणी होते तेवढेच राहते. ज्याने मोटर घेतली नाही तो मात्र पूर्ण पट्टी भरून अर्धे पाणी घेतो.

तासभर पाणी आणि तेवीस तास रिकामी वाहिनी याने आरोग्याचीही हानी होते. वाहिनीत दाब असतो तोवर गळतीतून पाणी बाहेर जाते. दाब गेला की त्याच भोकातून शेजारच्या गटाराचे पाणी आत येते. सकाळी नळ सुटल्यावर पहिल्या काही बादल्या गढूळ का येतात, याचे उत्तर बहुधा इथेच असते. ही घाण शुद्धीकरण केंद्रानंतर शिरते, त्यामुळे केंद्र कितीही चांगले चालले तरी तिला अडवू शकत नाही.

मलकापूरने काय केले

कराडला लागून, पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला आणि आगाशिव डोंगराच्या पायथ्याशी मलकापूर आहे. महामार्ग, कृष्णा रुग्णालय आणि कराडची वाढ यांमुळे हे गाव झपाट्याने फुगले. २००८ मध्ये ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या तीस हजारांवर गेली. अशा अर्ध्या खेड्यात, अर्ध्या शहरात सहसा पाण्याचे हाल होतात. मलकापूरने त्याच काळात राज्यात आणि देशात नाव घेतले जाईल असे काम करून दाखवले: सबंध गावाला चोवीस तास नळाचे पाणी, आणि प्रत्येक नळाला मीटर.

महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने आखलेली मूळ योजना नेहमीचीच होती, ठरावीक वेळ पाणी देणारी. ती बदलून अखंड पुरवठ्याची केली गेली. त्यासाठी संगणकावर जाळ्याचा जलदाब तपासला गेला, गावाचे विभाग पाडले गेले, लोखंडी आणि सिमेंटच्या वाहिन्यांऐवजी उच्च घनतेच्या पॉलिथिनच्या वाहिन्या घातल्या गेल्या. या वाहिन्या सांध्यांवर वितळवून जोडतात, त्यामुळे सांध्यातून होणारी गळती जवळपास बंद होते. घरापर्यंतची जोडणीही तशाच प्लास्टिकची. गल्लीतल्या गळतीचा मोठा वाटा मुख्य वाहिनीत कमी आणि या शेवटच्या काही फुटांत जास्त असतो, म्हणून हा बारकावा महत्त्वाचा.

मीटर रेडिओ लहरींवर वाचता येणारे निवडले गेले. वाचन घेणाऱ्याला प्रत्येक फाटक उघडून, खड्ड्यात वाकून, काचेवरची माती पुसून आकडे टिपावे लागत नाहीत. यंत्र हातात घेऊन गल्लीतून गेले की आकडे जमा होतात. घर बंद होते, कुत्रे होते, आकडा दिसला नाही, म्हणून सरासरी बिल काढले, ही सगळी नेहमीची कारणे यामुळे संपली. बिलावरचा वाद बहुतेक वेळा दरावर नसतो, वाचनावर असतो. वाचनावर विश्वास बसला की निम्मा विरोध तिथेच मावळतो.

दर टप्प्याटप्प्याने चढणारे ठेवले गेले. गरजेपुरत्या पाण्याला कमी दर, त्यापुढच्या पाण्याला जास्त. चोवीस तास पाणी दिले तर लोक वाटेल तसे उधळतील ही भीती सगळीकडे बोलून दाखवली जाते. मलकापूरचा अनुभव तिच्या उलट गेला. पाणी केव्हाही मिळणार म्हटल्यावर साठवण्याची गरज राहत नाही, आणि आज ताजे आले म्हणून कालचे हंडे-बादल्या ओतून देणे बंद होते. तोटी उघडी ठेवून झोपणेही बंद होते, कारण मीटर फिरत असतो. या कामाला पुढे पंतप्रधानांच्या नावाचा लोकप्रशासनातला पुरस्कारही मिळाला, आणि राज्यातून, परराज्यांतून अभ्यासगट मलकापुरात येऊ लागले. कर्नाटकात हुबळी-धारवाडच्या काही प्रभागांत २००८ पासून अखंड पाण्याचा प्रयोग सुरू होता. मलकापूरने सबंध गावाला तो लागू करून दाखवला, हे त्याचे वेगळेपण.

मलकापूरच्या कामातला क्रम नीट पाहण्यासारखा आहे. आधी वाहिन्या बदलल्या, मग दाब आला, मग मीटर आणि दर आले. जिथे आधी मीटर बसतात आणि पाणी पूर्वीसारखेच तासभर येते, तिथे लोक चिडतात, आणि त्यांचे चिडणे योग्य असते. रिकाम्या वाहिनीत पाणी सोडले की पुढची हवा ढकलली जाते, आणि ती हवा मीटरचे चक्र पाण्याहूनही जोरात फिरवते. नळातून फुसफुस येते आणि बिलात लिटर पडतात. खंडित पुरवठ्यावर मीटर लावणे हा ग्राहकावर अन्याय आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

टप्प्यांचे गणित

टप्प्यांच्या दरात कोण किती भरतो हे एका उदाहरणाने पाहता येते. समजा पहिल्या दहा हजार लिटरला दर हजारी ६ रुपये, पुढच्या दहा हजारांना ९ आणि त्यापुढे १५ रुपये. शहरात भुयारी गटार असेल तर दरडोई दररोज १३५ लिटर पाणी द्यावे, हे केंद्र सरकारच्या नियमावलीचे माप. त्यानुसार दोघांच्या घराला महिन्याला ८ हजार लिटर लागतात, चौघांच्या घराला १६ हजार. बागवाला बंगला ३० हजार वापरतो असे धरू. पहिल्या घराचे बिल ४८ रुपये, दुसऱ्याचे ११४, तिसऱ्याचे ३००. एकूण ४६२. हेच पैसे सरसकट पट्टीने गोळा करायचे तर तिघांना प्रत्येकी १५४ रुपये पडतील. म्हणजे सरसकट पट्टीत दोघांच्या घराकडून १०६ रुपये जास्त घेतले जातात आणि बंगल्याला १४६ रुपयांची सवलत मिळते. मीटरला गरीबविरोधी म्हणण्याआधी हा हिशेब मांडून पाहिलेला बरा.

टप्प्यांना एक मर्यादा आहे, तीही नोंदवली पाहिजे. जुन्या वाड्यात एकाच नळावर चार बिऱ्हाडे असतील, तर त्यांचे मिळून पाणी वरच्या टप्प्यात जाते आणि सगळ्यात गरीब कुटुंबांना सगळ्यात महाग दर लागतो. कराडच्या जुन्या पेठांत असे वाडे आहेत. उपाय दोन: बिऱ्हाडागणिक नळ द्यायचा, किंवा बिऱ्हाडांच्या संख्येने टप्पा गुणायचा. सदनिकांच्या सोसायटीलाही हाच नियम लागतो.

घर आणि धंदा

व्यापारी वापराला घरापेक्षा जास्त दर लावण्याची रीत सगळीकडे आहे. मुंबईत २०२२ च्या दरवाढीनंतर निवासी इमारतींना हजार लिटरला सुमारे सव्वासहा रुपये आणि व्यापारी आस्थापनांना ४७-४८ रुपये असा दर होता, म्हणजे सुमारे साडेसात पट. पंचतारांकित हॉटेलांना त्याच्याही दुप्पट. त्यामागचा विचार असा की धंद्याला पाणी हा कच्चा माल आहे, त्याची किंमत तो गिऱ्हाइकाकडून वसूल करू शकतो, आणि त्या जादा पैशांतून घरगुती दर खाली ठेवता येतो.

मुंबईचे प्रमाण कराडला चालणार नाही. मुंबईत पंचतारांकित हॉटेले आणि कारखाने भरपूर, त्यामुळे जादा दर भरणारे खांदे पुष्कळ. कराडमध्ये व्यापारी नळ म्हणजे मुख्यतः दत्त चौकापासून नाक्यांपर्यंतची दुकाने, खानावळी, चहाची टपरी, केशकर्तनालये, दवाखाने, लॉज. मोठे कारखाने तासवडे औद्योगिक वसाहतीत, तिथला पाणीपुरवठा औद्योगिक विकास महामंडळाचा. शहरात राहिलेल्या लहान धंद्यांवर फार मोठा पट लादला, तर दोन गोष्टी होतात. किराणा दुकानदार, ज्याचे पाणी दिवसाला दोन घागरी, तो विनाकारण भरडला जातो. आणि खरोखर पाणी पिणारे धंदे, म्हणजे गाड्या धुण्याची केंद्रे, लॉज, मंगल कार्यालये, कूपनलिका मारून किंवा टँकर मागवून पालिकेच्या हिशेबातूनच बाहेर पडतात. व्यापारी दर ठरवताना परवान्यावरच्या नावापेक्षा पाण्याच्या वापराकडे पाहिले पाहिजे. कापडदुकान आणि लॉज यांना एका रकान्यात बसवणे चूक आहे.

घरातच चालणारे धंदे ही आणखी एक अडचण. पोळ्या लाटून देणारी बाई, दोन खोल्यांत शिकवणी घेणारे मास्तर, घराच्या पुढच्या खोलीतला दवाखाना. मीटर असेल तर इथे फारसे भांडण उरत नाही. पहिल्या टप्प्यापर्यंत घरगुती दर आणि त्यापुढे व्यापारी, एवढा नियम पुरतो. मीटर नसेल तर निरीक्षकाच्या मर्जीवर सगळे येते, आणि अशा मर्जीतून काय काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गळतीचा बोजा

केंद्र सरकारने २००८ मध्ये शहरी सेवांसाठी जी मानके ठरवली, त्यांत पाण्याचा हिशेबबाह्य तोटा २० टक्क्यांच्या आत, सगळ्या नळांना मीटर, खर्चाची पूर्ण वसुली आणि चालू मागणीच्या ९० टक्के प्रत्यक्ष जमा अशी उद्दिष्टे आहेत. तोट्याचा आकडा दरावर थेट बसतो. हजार लिटर शुद्ध करून टाकीत चढवायला १२ रुपये लागत असतील आणि वाटेत ४० टक्के पाणी हरवत असेल, तर विकल्या गेलेल्या हजार लिटरला २० रुपये पडतात. तोटा २० टक्क्यांवर आणला तर १५. हे पाच रुपये नागरिकाच्या खिशातून काढायचे की गळतीतून, हा निर्णय दरवाढीच्या आधी व्हायला हवा. टाकीच्या तोंडाशी मोठा मीटर बसवून रात्री दोन ते चार या वेळेत किती पाणी जाते ते पाहिले, तर गळतीचा अंदाज येतो, कारण त्या वेळी गाव झोपलेले असते. हे काम स्वस्त आहे आणि कोणतीही पालिका ते करू शकते.

वापरलेले पाणी

पाणीपट्टीवर हिरिरीने बोलणारे लोक मलनिस्सारण आकारावर गप्प असतात. खरे तर खर्चाचा आणि जबाबदारीचा निम्मा भाग तिथे आहे. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर जाते, असे अभियंते धरतात. कृष्णा खोऱ्याच्या बाबतीत हे माप निवाड्यातही आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या, म्हणजे बच्छावत लवादाच्या, १९७६ मध्ये अंतिम झालेल्या निवाड्यात शहरांच्या पिण्याच्या पाण्याचा वापर मोजताना उचललेल्या पाण्याच्या फक्त २० टक्केच पाणी वापरले गेले असे धरायचे ठरले. उरलेले ८० टक्के नदीत परत येते, हे त्यात गृहीत आहे. ते कशा अवस्थेत परत येते, यावर खालच्या गावांचे आरोग्य ठरते.

कराडच्या खाली कृष्णेच्या काठावर बहे, भिलवडी, औदुंबर आणि मग सांगली. वरच्या गावाने सोडलेले पाणी खालचे गाव उचलते. सांगलीत शेरी नाल्यातून शहराचे सांडपाणी कृष्णेत मिसळत राहिले, आणि ते वळवून धुळगावच्या शेतीला देण्याच्या योजनेची चर्चा वर्षानुवर्षे चालली. कृष्णेच्या खोऱ्यातच पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची साथ आली आणि हजारो माणसे आजारी पडली. दूषित पाण्याची किंमत तिथल्या कुटुंबांनी दवाखान्यांत भरली. मलनिस्सारण आकार न घेणाऱ्या गावाचा खर्च वाचत नाही, तो नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या माथी जातो. प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीशेजारी, दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात. त्या जागेचा अभिमान बाळगणाऱ्या शहराने आपले सांडपाणी शुद्ध करूनच सोडले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारा पैसा मोकळ्या मनाने दिला पाहिजे. कराडने २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत देशात पहिला क्रमांक मिळवला होता. हे शहर हे काम करू शकते.

आकार कसा लावायचा याच्या रीती अनेक आहेत. मुंबई महापालिका पाण्याच्या बिलाच्या ७० टक्के मलनिस्सारण आकार घेते. ही रीत सोपी आणि बरीचशी न्याय्य आहे, कारण जो जास्त पाणी घेतो तो जास्त सांडपाणी सोडतो. मालमत्तेच्या मूल्यावर लावलेला मलनिस्सारण कर याहून कच्चा. मोठ्या वाड्यात एकटी राहणारी म्हातारी बाई आणि छोट्या गाळ्यातली गजबजलेली खानावळ यांच्यात तो उलटा न्याय करतो.

बिलाच्या टक्क्यांची रीत एका ठिकाणी फसते. लॉजला किंवा रुग्णालयाला पाणी कूपनलिकेचे असेल, तर पालिकेच्या पाण्याचे बिल लहान आणि भुयारी गटारात जाणारे सांडपाणी प्रचंड. अशा जोडण्यांना कूपनलिकेवर मीटर लावून किंवा खोल्यांच्या आणि खाटांच्या संख्येवर आकार ठरवावा लागतो. सांडपाण्याची तीव्रताही मोजावी लागते. दूधप्रक्रिया, मिठाई, तेलकट खानावळ यांचे पाणी घरगुती सांडपाण्यापेक्षा कितीतरी अधिक प्राणवायू खाते आणि शुद्धीकरण केंद्रावर तेवढा ताण आणते. खानावळीच्या मोरीला तेल अडवणारा साधा चेंबर सक्तीचा केला, तर वाहिन्या तुंबण्याचे निम्मे कारण जाते. ज्या घरांना भुयारी गटाराची जोडणी नाही आणि शौचालयाची टाकी आहे, त्यांच्याकडून पूर्ण आकार घेणे योग्य नाही. त्यांच्याकडून टाकीचा मैला ठरावीक वर्षांनी उपसण्यापुरती रक्कम घ्यावी, आणि त्या बदल्यात गाडी वेळेवर पाठवावी.

वाढ केव्हा आणि किती

खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत असेल, तर बारा वर्षांत तो दुप्पट होतो. बारा वर्षे दर न वाढवलेल्या पालिकेला एकदम दुप्पट दर मागावा लागतो, तो कुणी मान्य करत नाही, आणि आणखी काही वर्षे जातात. म्हणून काही महापालिकांनी वार्षिक वाढ आधीच ठरवून टाकली. नागपूरच्या उपविधींत दरवर्षी ५ टक्के वाढीची तरतूद आहे. पुण्याने २०१६ मध्ये पहिल्या वर्षी १२ टक्के, त्यानंतर काही वर्षे १५ टक्के आणि पुढे २०४७ पर्यंत दरसाल ५ टक्के असा लांब पल्ल्याचा ठराव केला. लहान आणि नियमित वाढ घरखर्चात बसते. पण ठरलेली वाढ आपोआप मिळू लागली की पालिका गळती काढायचे विसरते, हा धोकाही तेवढाच खरा. वाढ आणि कामगिरी यांची सांगड असली पाहिजे: तोटा इतका कमी झाला, दाब इतका टिकला, तपासणीत पाणी शुद्ध आढळले, तरच पुढच्या वर्षीची टक्केवारी.

गरिबांसाठी काय करावे यावर जगात वेगवेगळी उत्तरे आहेत. दक्षिण आफ्रिकेने २००१ पासून घरटी महिन्याला ६ हजार लिटर पाणी मोफत देण्याचे धोरण घेतले. दिल्लीने २०१५ पासून २० हजार लिटरपर्यंत पाणी फुकट केले, पण ती रेषा ओलांडली की पूर्ण बिल. या दुसऱ्या रीतीत रेषेच्या अलीकडच्या घराला शून्य आणि थोडेसे पलीकडच्याला सगळेच भरावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ च्या निकालात अनधिकृत झोपड्यांत राहणाऱ्यांनाही पाणी मिळण्याचा हक्क आहे असे सांगितले, आणि त्यासाठी जादा दर घ्यायला महापालिकेला मोकळीक दिली. लहान शहराला सर्वांत परवडणारे उत्तर म्हणजे पहिला टप्पा अगदी स्वस्त ठेवणे आणि नळजोडाची सुरुवातीची रक्कम हप्त्यांनी घेणे. गरिबाला जड जाते ती रोजची पट्टी नव्हे, तर खोदाई, अनामत आणि प्लंबर यांचा एकदम येणारा खर्च.

थकबाकीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. कायद्याने थकीत करावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. मार्चअखेर वसुलीची पथके फिरतात, नळ तोडले जातात, मग कधी शास्तीमाफीची योजना येते. जो वेळेवर भरतो त्याला या माफीत काहीच मिळत नाही. वर्षातून एका बिलाऐवजी दोन महिन्यांनी लहान बिल दिले, तर थकबाकी साचतच नाही. मीटरवाल्या गावांना हे जमते, वार्षिक पट्टीवाल्यांना जमत नाही.

ठराव आणि हरकत

नगरपालिकेत कर बसवायचा किंवा वाढवायचा तर सभेचा ठराव, त्याची जाहीर सूचना, ठरावीक मुदतीत नागरिकांच्या हरकती, त्यांवर विचार आणि मंजुरी, असा मार्ग आहे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९२ मध्ये बारावी अनुसूची आणली, आणि घरगुती, औद्योगिक व व्यापारी पाणीपुरवठा हा नगरपालिकांचा विषय म्हणून तीत लिहिला गेला. निर्णय स्थानिक प्रतिनिधींनी घ्यावा हा त्याचा हेतू. २०२२ च्या सुमारापासून राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर प्रशासक होते आणि निवडणुका २०२५ च्या डिसेंबरमध्ये झाल्या. मधल्या काळात दरांचे निर्णय लोकप्रतिनिधींच्या सभेविना झाले किंवा लांबणीवर पडले.

हरकत घेणाऱ्या नागरिकाला आकड्यांच्या दोन जोड्या मागता येतात, आणि त्याने त्या मागाव्यात: गेल्या वर्षी किती पाणी उचलले आणि त्यातले किती बिलात आले, तसेच पाणी आणि मलनिस्सारण यांवर एकूण किती खर्च झाला आणि किती वसूल झाला. याशिवाय शहराच्या सांडपाण्यापैकी किती केंद्रापर्यंत पोचले आणि शुद्ध होऊन किती नदीत गेले, हेही विचारावे. हे आकडे प्रस्तावासोबत छापले, मराठीत छापले आणि प्रत्येक पेठेत वाचायला ठेवले, तर सभेत बोलणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला एकाच कागदावर बोट ठेवून बोलता येईल. हरकतींची मुदत संपल्यावर सभा त्यांवर निर्णय घेते, मंजूर दर पुढच्या आर्थिक वर्षापासून, म्हणजे १ एप्रिलपासून लागू करणे सोयीचे पडते, आणि पहिले बिल त्यानंतर निघते.